गिझरचा प्लग पुन्हा पुन्हा जळतो : व्होल्टेज आणि करंट मोजून खरा दोष कसा शोधायचा

थंडी पडायला लागली की ही तक्रार ठरलेली. गिझरचा प्लग काळा पडलाय, बाथरूमच्या दाराशी जळका वास येतोय, पिन सॉकेटमध्ये इतकी चिकटलीय की ओढून निघत नाही. नवा प्लग टॉप आणून बसवला की महिना-दीड महिना बरा जातो आणि मग पुन्हा तेच. मी वीसेक वर्षं वायरमनचं काम करतो. या एका दोषापायी लोकांनी चांगले चालू गिझर भंगारात दिलेले पाहिलेत, अख्ख्या खोलीची वायर नव्याने ओढलेली पाहिलीय, आणि तरीही प्लग जळायचा थांबलेला नाही. कारण एकच, मोजलं कुणीच नव्हतं.

मागच्या डिसेंबरात ताईच्या घरी कराडला गेलो, तेव्हा हाच प्रश्न समोर आला. दोन हिवाळ्यांत चार प्लग गेले होते. येणाऱ्या माणसाने दाजींना सांगितलं होतं, "तुमच्या लाइनला व्होल्टेज कमी येतंय. व्होल्टेज कमी झालं की करंट वाढतो, आणि वाढलेल्या करंटने प्लग जळतो. स्टॅबिलायझर बसवा." दाजींनी दोन दुकानांतून स्टॅबिलायझरचे भावही काढून ठेवले होते. मी म्हटलं, "दाजी, एक दिवस थांबा. आधी आकडे घेऊ."

हा इशारा मनापासून देतोय. "व्होल्टेज कमी, म्हणून करंट जास्त" हे वाक्य शेतातल्या मोटरसाठी खरं आहे, गिझरसाठी खोटं आहे. ते जिथे तिथे लावल्यामुळे लोकांचे पैसे जातात आणि दोष भिंतीत तसाच तापत राहतो.

दोन सूत्रं, आणि त्यांच्यासोबतची अट

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द आहेत. कामावर आपण व्होल्टेज, करंट म्हणतो. गणित तेच.

रोध = व्होल्टेज ÷ करंट

पॉवर = व्होल्टेज × करंट

व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये घेतला की रोध ओहममध्ये आणि पॉवर वॅटमध्ये मिळते. दोन्ही सूत्रं एकत्र केली की आणखी दोन रूपं निघतात. पॉवर = करंट × करंट × रोध, आणि पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध. प्लग का जळतो याचं उत्तर यातल्या पहिल्या रूपात आहे.

सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. चूक होते ती अट विसरल्यामुळे. ज्या भागाचा रोध काढायचा, त्याच भागाच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज घ्यायचं, त्याच भागातून जाणारा करंट घ्यायचा, आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे हवेत. सकाळी मोजलेलं व्होल्टेज आणि संध्याकाळी मोजलेला करंट यांचा भागाकार करून काहीही हाती लागत नाही. ज्याच्या नावावरून रोधाचं एकक पडलं, त्या गेओर्ग ओहमला स्वतःलाही असाच त्रास झाला होता. त्या काळच्या बॅटरीचा दाब मोजता मोजता उतरायचा, त्यामुळे त्याचे सुरुवातीचे आकडे जुळेनात. मग त्याने दोन धातूंच्या जोडाची एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवून मिळणारा स्थिर दाब वापरला, तेव्हा नियम स्वच्छ दिसला. १८२७ साली त्याने तो पुस्तकातून मांडला. करंटच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता तयार होते हे जूल या शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारास दाखवलं. आपल्या प्लगची गोष्ट या दोघांच्या मधोमध बसते.

आधी स्टॅबिलायझरचा मुद्दा निकालात काढू

ताईच्या गिझरच्या पाटीवर २००० वॅट, २३० व्होल्ट असं लिहिलंय. त्यावरून

करंट = २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर

रोध = २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम

गिझरच्या एलिमेंटमध्ये नायक्रोमची तार असते. ती तापल्यावर तिचा रोध अगदी थोडा, शेकडा काही टक्केच वाढतो. म्हणजे २६.४ ओहम हा आकडा जवळपास पक्का धरता येतो. आता समजा संध्याकाळी लाइनला १९० व्होल्टच आले.

करंट = १९० ÷ २६.४ = ७.२ अँपिअर

पॉवर = १९० × ७.२ = १३६८ वॅट

करंट घटला. पॉवर तर दोन तृतीयांशाच्या आसपास आली. १५ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला २००० वॅटवर साधारण १८ मिनिटं लागतात, ती आता २७ मिनिटं लागतील. पाणी उशिरा तापेल, प्लग मात्र कमी तापेल.

उलटा निष्कर्ष येतो कुठून? लोक २००० ÷ १९० करतात आणि १०.५ अँपिअर काढतात. पाटीवरचे २००० वॅट हे २३० व्होल्टलाच खरे आहेत. १९० व्होल्टला तो गिझर २००० वॅटचा राहतच नाही. पाटीवरचे वॅट एका व्होल्टेजचे आणि भागाकार दुसऱ्या व्होल्टेजने, ही मी पाहिलेली सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. शिकाऊ मुलांना मी सांगतो, पाटीवरून आधी रोध काढा, मग पुढचं गणित रोधावरून करा.

मोटरचं वेगळं आहे. पंपाची मोटर जवळपास ठरलेल्या वेगाने फिरते आणि पाणी उचलायचं काम तेवढंच असतं. व्होल्टेज घसरलं की तेवढ्याच कामासाठी ती जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग तापतं. इन्व्हर्टर एसी आणि एलईडी टीव्हीसुद्धा आपल्याला हवी तेवढी पॉवर ओढतात, त्यांचाही करंट कमी व्होल्टेजला वाढतो. गिझर, इस्त्री, रूम हीटर, पाण्यात सोडायचा रॉड, हे निव्वळ रोध. यांचा करंट व्होल्टेजबरोबर कमी होतो.

दाजींना हे वहीवर मांडून दाखवलं. स्टॅबिलायझर लावला असता तर करंट ताईकडे मोजलेल्या ८.२ वरून (तो आकडा पुढे येतोच) ८.७ वर गेला असता आणि जळणाऱ्या जागी उष्णता साडेबारा टक्क्यांनी वाढली असती.

मोजण्यापूर्वी

पुढचं काम चालू लाइनवरचं आहे. सॉकेटची किंवा गिझरची झाकणं उघडून चालू लाइनवर मोजणं हे परवानाधारक वायरमननेच करावं. बाथरूमजवळचं काम असेल तर पाय कोरडे, चप्पल रबरी, आणि सोबत एक माणूस मेन स्विचपाशी उभा हवा. झाकण काढताना आणि लावताना मेन बंद. मल्टीमीटर चांगल्या प्रतीचं घ्या, त्यावर कॅट ३ आणि ६०० व्होल्ट असं छापलेलं असतं.

आणखी एक, कारण यात माणसं भाजली आहेत. मल्टीमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात ठेवून फेज-न्यूट्रलमध्ये व्होल्टेज मोजायला गेलात, तर ते मीटर म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट आहे. गिझरचा करंट त्या भोकातून मोजूच नका. क्लॅम्प मीटर वापरा, आणि चिमट्यात एकच वायर घ्या, फेज किंवा न्यूट्रल. तीन तारांची अख्खी केबल चिमट्यात घेतली की जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना काटतो आणि मीटर शून्य दाखवतं. "गिझर करंटच घेत नाही" अशी तक्रार घेऊन आलेले दोघे-तिघे मला याच कारणाने भेटलेत.

क्लॅम्प मीटर नसेल तर? घराच्या डिजिटल वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. एका युनिटला किती वेळा लुकलुकणार, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त गिझर चालू ठेवा, आणि एक मिनिट लुकलुक मोजा. ताईकडे ९८ भरली.

९८ × ६० ÷ ३२०० = १.८४ किलोवॅट, म्हणजे १८४० वॅट

त्याच वेळी डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, २२५ व्होल्ट होते. १८४० ÷ २२५ = ८.२ अँपिअर. नंतर क्लॅम्प लावला, तोही ८.२ म्हणाला. गिझरसारख्या निव्वळ रोधाला ही युक्ती चोख चालते. मोटरला चालत नाही, कारण तिथे पॉवर फॅक्टर मध्ये येतो, म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट यातला किती भाग खरे वॅट असतात तो आकडा.

ताईकडचे आकडे

गिझर बंद असताना डीबीत २२८ व्होल्ट. गिझर चालू केल्यावर २२५. गिझरच्या आतल्या टर्मिनलवर, गिझर चालू असताना, २१६. करंट ८.२.

पहिला प्रश्न, गिझरच खराब आहे का? गिझरच्या टोकांवरचं व्होल्टेज घेऊ, कारण आपल्याला गिझरचा रोध हवाय.

२१६ ÷ ८.२ = २६.३ ओहम

पाटीवरून आला होता २६.४. एलिमेंट एकदम ठणठणीत. इथेच गिझर सुटला. ताईने सहा हजार वाचवले असं मी म्हणणार नाही, पण नव्या गिझरची चर्चा त्या क्षणी थांबली. डीबीतले २२५ व्होल्ट धरून भागाकार केला असता, तर २७.४ आला असता आणि एलिमेंटवर उगाच संशय गेला असता. भाग कुठला, व्होल्टेज कुठलं, ही अट इथे कामाला येते.

गिझरची खरी पॉवर २१६ × ८.२ = १७७१ वॅट. डीबीतून निघाली २२५ × ८.२ = १८४५ वॅट. मधल्या वाटेत ७४ वॅट गेले कुठे?

डीबी ते गिझर ९ व्होल्ट पडले होते. त्यातले वायरचे किती? वायर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची, अंतर १४ मीटर. करंट जातो आणि येतो, म्हणून लांबी २८ मीटर धरायची. हे दुप्पट करायला बरेच जण विसरतात. अडीचच्या तांब्याच्या वायरचा रोध एका किलोमीटरला साधारण ७.४ ओहम, म्हणजे २८ मीटरला ०.२१ ओहम. ८.२ अँपिअरला त्यावर १.७ व्होल्ट पडायला हवेत. उरलेले ७ व्होल्टांहून जास्त कुठेतरी एक-दोन जागी पडत होते.

आता एकेका जोडावर मोजायचं. मीटर आधी एसीच्या मोठ्या रेंजवर, आणि आकडा छोटा आहे याची खात्री झाली की २०० व्होल्टच्या रेंजवर, तिथे एक दशांश व्होल्टपर्यंत दिसतं. दोन्ही प्रोब एकाच तारेवर, जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे. स्विचच्या दोन स्क्रूंमध्ये ०.२ व्होल्ट, ठीक. सॉकेटच्या मागच्या फेजच्या स्क्रूपासून प्लगच्या आतल्या फेजच्या स्क्रूपर्यंत ४.१ व्होल्ट. सापडला. न्यूट्रल पिनवर ०.१. मग न्यूट्रलची तार मागे मागे बघत गेलो, तर भिंतीतल्या जोडपेटीत पिळून टेप गुंडाळलेला एक जोड होता. त्यावर २.९ व्होल्ट. टेप पिवळी पडून कडक झाली होती.

प्लगची फेज पिन : रोध = ४.१ ÷ ८.२ = ०.५ ओहम, पॉवर = ४.१ × ८.२ = ३३.६ वॅट

न्यूट्रलचा जोड : रोध = २.९ ÷ ८.२ = ०.३५ ओहम, पॉवर = २.९ × ८.२ = २३.८ वॅट

अर्धा ओहम म्हणजे किती ते कळण्यासाठी असं बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात वापरतात ती सोल्डरिंगची छोटी इस्त्री २५ वॅटची असते. तिच्या टोकावर शिसं-कथलाचं सोल्डर पाण्यासारखं वितळतं. ताईच्या प्लगच्या आत, हाताच्या अंगठ्याएवढ्या जागेत, त्याहून जास्त उष्णता तयार होत होती, आणि भिंतीतल्या टेपखाली जवळपास तेवढीच दुसरी. मी ताईला हे सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो न्यूट्रलच्या जोडाबद्दल. "प्लग तरी डोळ्यांसमोर जळतो रे, हे भिंतीतलं कळलं कसं असतं?" खरी काळजी तीच आहे. ते कळलं नसतं.

एमसीबी का पडला नाही?

हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप पडणारा स्विच, जास्त करंटला पडतो. लूज जोडाने वाटेत रोध वाढवला, त्यामुळे करंट किंचित कमीच झाला. १६ अँपिअरच्या एमसीबीला ८.२ अँपिअर म्हणजे काहीच नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, फेजने गेलेला आणि न्यूट्रलने आलेला करंट सारखा आहे की नाही ते बघतो. इथे सारखाच होता. दोन्ही उपकरणं आपापलं काम नीट करत होती, हा दोष त्यांच्या नजरेत येणाराच नाही.

बिलातही दिसत नाही. दोन्ही जोडांवरचे मिळून ५७ वॅट, रोज अर्धा तास धरला तर महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. वाया जाणारी वीज मोजून हा दोष सापडत नाही. एवढीशी पॉवर एवढ्याशा जागेत कोंडली जाते, म्हणून ती जाळते.

त्याच सॉकेटवर ताई दिवसा मोबाइलचा चार्जर किंवा दिवा लावायची, तेव्हा काहीच व्हायचं नाही. ९ वॅटच्या एलईडी दिव्याचा करंट ०.०४ अँपिअरच्या आसपास. ०.०४ × ०.०४ × ०.५ = ०.०००८ वॅट. वर्गाचा हिशोब हा असा आहे. म्हणून "सॉकेट चांगलं आहे, दिवा लागतो ना" ही परीक्षा गिझरसाठी निरुपयोगी आहे. उलट ३००० वॅटचा झटपट गिझर लावला असता तर करंट १३ अँपिअर, आणि त्याच पिनवर १३ × १३ × ०.५ = ८४ वॅट. तो प्लग आठवडाभरही टिकला नसता.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून हा अर्धा ओहम शोधता येईल का? मला तरी भरवसा नाही. साध्या मीटरच्या प्रोबच्या वायरींचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम भरतो. शिवाय लूज जोड थंड असताना वेगळा आणि करंट वाहून तापल्यावर वेगळा वागतो. भार चालू ठेवून जोडावर पडणारं व्होल्टेज मोजणं आणि करंटने भागणं, हाच खात्रीचा मार्ग.

प्लग बदलून का भागत नव्हतं

एकदा प्लग तापला की सॉकेटच्या आतल्या पितळी पट्ट्याही तापतात. पितळ तापून नरम पडलं की त्याचा ताण जातो, पिनेला धरणारी पकड सैल होते. वर काजळी आणि ऑक्साइड धरतं. आता त्यात कोराकरकरीत प्लग घातला तरी पिन टेकते ती दोन-तीन ठिपक्यांवरच. ठिपके तापतात, ऑक्साइड वाढतं, रोध वाढतो, अजून तापतं. ताईकडे चार प्लग बदलले आणि सॉकेट एकदाही बदललं नव्हतं. जळलेला प्लग काढला की त्याच्या जोडीचं सॉकेटही काढायचं, हा माझा नियम आहे आणि मी त्यात गिऱ्हाइकाशी घासाघीस करत नाही.

काम असं केलं. १६ अँपिअरचं नवं सॉकेट आणि नवा प्लग, दोन्हीवर आयएसआयची खूण; या मालासाठीचं भारतीय मानक आयएस १२९३ आहे. तारेचं काळं पडलेलं टोक कापून ताजं, चकचकीत तांबं येईपर्यंत मागे गेलो. काळ्या तांब्यावर स्क्रू कितीही आवळला तरी उपयोग नाही. सुट्या बारीक तारांना थिंबल (टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबून मग स्क्रूखाली घेतलं. काही जण टोकाला सोल्डर लावून घट्ट करतात, तसं करू नका. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, सहा महिन्यांत स्क्रू आपोआप सैल होतो. न्यूट्रलचा टेपवाला जोड काढून तिथे स्क्रूचा कनेक्टर बसवला. वायर तीच ठेवली, कारण गणिताने तिला आधीच निर्दोष ठरवलं होतं.

मग पुन्हा आकडे. डीबीत २२५ व्होल्ट, गिझरवर २२३, करंट ८.५. रोध २२३ ÷ ८.५ = २६.२ ओहम, पॉवर १८९६ वॅट. फेज पिनवर ०.१ व्होल्ट, म्हणजे एक वॅटहूनही कमी. अर्धा तास गिझर चालवून, स्विच बंद करून प्लग काढला आणि पिनांना हात लावला. कोमट.

तुमचे आकडे वेगळे आले तर

गिझर चालू केल्यावर डीबीतलंच व्होल्टेज खूप घसरत असेल, समजा २२८ वरून २०५, तर दोष घराच्या वायरिंगच्या आधी आहे. २३ व्होल्ट भागिले करंट, म्हणजे अडीच ओहमहून जास्त रोध खांबापासून डीबीपर्यंत कुठेतरी बसलाय. खांबावरचा जोड, सर्व्हिस वायर किंवा मीटरचं टर्मिनल सैल असतं. खांब, सर्व्हिस वायर आणि सीलबंद मीटरला हात लावू नका, महावितरणकडे तक्रार द्या, आणि तक्रारीत हे दोन्ही आकडे लिहा. "व्होल्टेज कमी येतं" यापेक्षा "गिझर बंद असताना २२८, चालू असताना २०५" यावर लाइनमन लगेच कामाला लागतो. आणि थ्री फेज कनेक्शन असलेल्या घरात काही दिवे मंद आणि काही भगभगीत झाले, तर मोजत बसू नका. मेन तत्काळ बंद करा. तुटलेल्या न्यूट्रलची ती खूण आहे आणि त्यात काही उपकरणांवर २३० च्या कितीतरी पुढे व्होल्टेज जातं.

गिझरवरचं व्होल्टेज बरोबर आहे पण रोध १७-१८ ओहम आला, तर आत ३००० वॅटचं एलिमेंट बसवलं गेलंय. दुरुस्तीत हे होतं. मग वायर, सॉकेट, एमसीबी सगळं त्या हिशोबाने तपासा.

व्होल्टेज सगळीकडे ठीक, जोडांवर काही पडत नाही, आणि तरी डीबी ते गिझर पाच-सहा व्होल्ट जातात, तर वायरच बारीक आहे. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला १८ ओहमच्या आसपास, अडीचच्या जवळपास अडीचपट. दिव्यांसाठी ओढलेल्या वायरीवरून गिझर चालवल्याची ही खूण असते. अशा वेळी जोड आवळून उपयोग नाही, स्वतंत्र वायर ओढावीच लागते.

आणि ६ अँपिअरच्या सॉकेटवर कन्व्हर्जन प्लग लावून गिझर चालवत असाल, तर मोजायचीही गरज नाही. आजच काढा. आत दोन जोड जास्त वाढतात आणि सॉकेट त्या करंटचं नसतंच.

गणितात अडणाऱ्या आणखी काही जागा

मिलिअँपिअर. इंडिकेटरच्या छोट्या दिव्याचा करंट ५ मिलिअँपिअर असेल तर ०.००५ अँपिअर लिहा. २३० ÷ ०.००५ = ४६,००० ओहम. २३० ÷ ५ करून ४६ ओहम काढणारी मुलं दरवर्षी भेटतात. उलट तपासणी करायची सवय लावा. ४६ ओहम असते तर २३० व्होल्टला ११५० वॅट झाले असते, नखाएवढ्या दिव्यात ते मावतील का?

तारेचा जुना बल्ब. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना २३० × २३० ÷ १०० = ५२९ ओहम. थंड असताना मीटरवर मात्र चाळीसच्या आसपास दिसतो. दोन्ही बरोबर आहेत. टंगस्टन प्रचंड तापतं आणि त्याचा रोध त्याबरोबर बारा-पंधरा पट वाढतो. गिझरच्या एलिमेंटला ही भीती नाही, म्हणून ते थंड असताना मोजलं तरी चालतं. मेन बंद करून, वायर सुटी करून, २५ ते २८ ओहम दिसले की २००० वॅटचं एलिमेंट शाबूत.

मोटर. व्होल्टेज भागिले करंट केल्यावर येणारा आकडा वाइंडिंगचा रोध नसतो, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट नसतात. थ्री फेज मोटरला १.७३२ × व्होल्टेज × करंट × पॉवर फॅक्टर. ४०० व्होल्ट, साडेसात अँपिअर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर धरला तर साधारण ४४०० वॅट आत जातात. पाच हॉर्सपॉवरच्या पंपाला एवढे लागतातच, कारण पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३७३० वॅट हे शाफ्टवर मिळणारं काम आहे, उरलेले मोटर तापण्यात जातात.

शेवटचं काम मी प्रत्येक घरी करतो, ताईकडेही केलं. एका चिठ्ठीवर तारीख आणि पाच आकडे लिहिले. डीबीचं व्होल्टेज गिझर बंद असताना, चालू असताना, गिझरवरचं व्होल्टेज, करंट, आणि फेज पिनवर पडणारं व्होल्टेज. चिठ्ठी डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली. पुढच्या थंडीत मी गेलो नाही आणि दुसरा कोणी वायरमन आला, तरी त्याला सुरुवात कुठून करायची ते कळेल. दाजींनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात सहावी ओळ लिहिलीय : लुकलुक मिनिटाला १०२.